अकरा नव्हे, चारच खिडक्या बदला

पत्र असं आहे : "काका, अमळनेरात आमचं दुमजली घर आहे. सासऱ्यांनी १९८८ मध्ये बांधलं. खालच्या पाच खिडक्या आणि पुढचं दोन झडपांचं दार त्यांनी तळोद्याहून आणलेल्या सागवानाचं केलं. वरच्या सहा खिडक्या लोखंडी. मागे १९९९ मध्ये एक खोली वाढवली. यंदा श्रावणात कानबाईच्या सणाआधी घराला रंग दिला, दारांना ऑइलपेंट. तेव्हापासून पुढचं दार खांद्याने ढकलावं लागतं. मागच्या खोलीचं दार दर उन्हाळ्यात अडकतं. वरच्यापैकी चार खिडक्या खालून गंजून पोखरल्यात आणि पश्चिमेच्या खोलीची मे महिन्यात भट्टी होते. जळगावचा एक विक्रेता अकराच्या अकरा खिडक्यांची मापं घेऊन गेला. यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या पट्टीची) स्लायडिंग, ७८० रुपये चौरस फूट, डबल काच हवी तर २५० वर. दिवाळीआधी ऑर्डर दिली तर सूट. गावातला फॅब्रिकेटर ॲल्युमिनियम ४५० मध्ये देतो. मिस्टर म्हणतात, सगळं एकदाच काढून टाकू. सासूबाई म्हणतात, 'दारले काय व्हयनं? चांगलं शे.' (दाराला काय झालंय? चांगलं आहे.) मी शाळेत गणित शिकवते, पण हे गणित सुटत नाही. काय करू?"

ताई, आधी सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. तुमच्या घरात त्या एकट्याच दाराकडे बघून बोलल्यात, बाकी सगळे रेटकार्डाकडे बघून बोलतायत.

तुम्ही पाठवलेले फोटो नीट बघितले. उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. अकरापैकी चार खिडक्या बदला. खालच्या पाच सागवानी खिडक्यांना हात लावू नका. जिन्यातल्या दोन लोखंडी खिडक्यांना तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साइड आणि वर रंग, एवढं पुरे. पुढचं दार बदलायचं नाही, मोकळं करायचं. मागच्या दाराला यंदा काहीच करू नका. आणि पश्चिमेची खोली थंड करणं हे खिडकीवाल्याचं कामच नाही, त्यासाठी त्याला पैसे देऊ नका.

पुढच्या दारापासून सुरू करू. जळगाव-धुळ्याकडच्या बांधकामांवर तीस वर्षं ओव्हरसियरगिरी केली. श्रावण लागला की ओळखीपाळखीच्या घरांतून निरोप यायचा, "दार लागत नाही, सुतार पाठवा." लाकूड पावसाळी हवेतला ओलावा घेतं आणि फुगतं. लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत. म्हणून झडप कुलपाच्या बाजूने चौकटीला घासते. साग इतर लाकडांपेक्षा कमी फुगतो, पण फुगतो. एरवी तुमच्या दाराने एवढं सोसलं असतं, पण इतक्या वर्षांच्या रंगावर यंदा आणखी दोन हात बसले. झडपेची कड आणि चौकटीची खाच मिळून गेलेली जागा एका रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढीसुद्धा असेल. दाराला तेवढीच तर लागते.

आता दोन गोष्टी करून बघा. झडपेच्या कडेवर शाळेतला पांढरा खडू आडवा धरून घासा, दार लावा, उघडा. चौकटीवर जिथे पांढरं उमटलं तिथेच दार लागतंय. बहुतेक वेळा पूर्ण कड नसते, वीतभर जागा असते. दुसरं, स्टुलावर चढून झडपेच्या वरच्या कडेवरून बोट फिरवा. माझी पैज आहे, तिथे रंग नाही, कोरं लाकूड आहे. खालच्या कडेलाही तेच असणार, हवं तर आरसा सरकवून बघा. रंगारी दिसतं तेवढं रंगवतो आणि लाकूड सगळ्यात जास्त पाणी याच उघड्या टोकांतून पितं. दार हातात धरून जरा वर उचलूनही बघा. खाडखाड हललं तर बिजागरीचे स्क्रू ढिले झालेत. भोकात सागाची काडी गमात बुडवून ठोकायची, वाळू द्यायची आणि थोडा लांब स्क्रू मारायचा.

सुताराला मात्र आत्ता रंधा मारू देऊ नका. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतोय. भुसावळला भाड्याच्या घरात राहत होतो तेव्हा ऑगस्टमध्ये मी मोठ्या ऐटीत दार तासून घेतलं. दिवाळीपर्यंत मस्त लागत होतं. वैशाखात त्याच फटीतून आत झळा यायला लागल्या, रस्त्याची धूळ यायला लागली आणि रात्री शेजारच्यांचा दिवाही दिसायला लागला. घरमालकीणबाईंनी पुढे दोन वर्षं मला "रंधावाले साहेब" म्हटलं. सध्या फक्त खडू उमटलेल्या जागचा रंग खरवडा. लाकूड तासायचंच असेल तर होळीच्या सुमाराला, ते सुकलेलं असताना बघू. बहुतेक गरज पडणार नाही.

रंग खरवडताना एक काळजी घ्या. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं भरपूर असू शकतं, आणि तुमच्या दारावरचे खालचे थर त्याच काळातले आहेत. कोरडा पॉलिशपेपर मारून धूळ उडवू नका. पाण्याने ओलं करून घासा, मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर त्यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. खरवडलेला चुरा ओल्या फडक्याने टिपून घ्या, झाडून अंगणात लोटू नका.

माझं ऐकाल तर हिवाळ्यात त्या दाराचा सगळा रंग उतरवा आणि रंगाऐवजी जवसाचं तेल द्या. उकळलेलं, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते. फडक्याने पातळ हात द्यायचा, वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्यायचं, दोन दिवस थांबून पुन्हा. असे तीन हात, वरच्या-खालच्या कडांसकट. पुढे दर वर्षी पावसाळ्याआधी एक हात. पण त्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना स्वतःच तापतं आणि ढिगात गोळा झालेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. आपल्याकडच्या उन्हात तर विचारूच नका. फडकी पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा किंवा पसरून बाहेर दोरीवर वाळवा.

आता मागची खोली. तिचं दार उन्हाळ्यात अडकतं, पावसाळ्यात सुटतं. लाकडाचं वागणं नेमकं उलटं असतं, म्हणजे गुन्हेगार लाकूड नाही. फोटोत चौकटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून छताकडे तिरपी गेलेली भेग दिसते. तुम्ही तिच्यावर पुट्टी भरलीय आणि ती पुन्हा उघडलीय. ही आपली काळी माती. चैत्र-वैशाखात कोरडवाहू रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना? तीच माती खोलीखालीही आहे. पाणी मिळालं की फुगते, वाळली की आकसते आणि वरची भिंत सोबत नेते. जुनं घर मोठं, त्याचा पाया बहुधा खोल गेलेला. मागून जोडलेल्या खोलीचा पाया उथळ असला की दोन्ही वेगवेगळ्या हलतात. चौकट चौकोनी राहत नाही, तिचा समांतरभुज चौकोन होतो. तुम्हाला कर्णाचं सांगायला नको. टेप घेऊन चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. फरक ५ मिलिमीटरच्या वर निघाला तर कुठलंही नवं दार लावा, सागाचं, फायबरचं, यूपीव्हीसीचं, दोन वर्षांत तेही अडकणार.

या खोलीला दाराआधी कोरडेपणा हवा. फोटोत न्हाणीचा पाइप तिथेच कोपऱ्यात मोकळा सुटलेला दिसतो आणि गच्चीचं पाणीही त्याच भिंतीपाशी पडतं. एकाच जागी माती ओली, चार फुटांवर कोरडी, त्यामुळेच ही ओढाताण होते. पाइप गटारापर्यंत न्या. भिंतीलगत तीन-चार फूट रुंद फरसबंदी करा, उतार घरापासून बाहेर. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने एकेक फुली काढा, मधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि भिंतीवरच तारीख घालून लिहा. दर महिन्याला एक नोंद. वर्षभरात अंतर वाढतच गेलं तर खिडकीवाला नको, सुतार नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. पावसाळ्यात मिटून उन्हाळ्यात तेवढंच उघडत असेल तर ती मातीची हालचाल आहे. कडा तासून, कडी-कोयंड्याची जागा जरा सरकवून तिच्यासोबत राहता येतं.

वरच्या लोखंडी खिडक्यांकडे येऊ. चारही खालच्याच अंगाला सडल्यात, वरचे गज अजून ठणठणीत. दोन खिडक्यांच्या बाहेर कूलरचं स्टँड दिसतं. कूलरची टाकी पाझरते, खसाचं पाणी उडतं, आपल्याकडच्या बोअरचं पाणी क्षारांचं. ते खिडकीच्या खालच्या पट्टीत साचून सगळा उन्हाळा बसून राहतं. अशाने कुठलंही लोखंड गंजलंच असतं. पश्चिमेच्या दोन खिडक्यांना कूलर नाही, पण त्यांच्या खालच्या कठड्याचा उतार चुकून आतल्या बाजूला आहे. वळवाचा पाऊस वाऱ्यासोबत आडवा येतो तेव्हा पाणी बाहेर जायच्या ऐवजी खिडकीशी येऊन थांबतं. म्हणजे या चार बदला, पण ज्या कारणाने त्या सडल्या ते तसंच ठेवून नव्या बसवू नका.

विक्रेता स्लायडिंग म्हणाला की लोक हो म्हणतात, दिसायला छान. मीही म्हटलं होतं. आमच्या घराला सगळीकडे तीन ट्रॅकच्या स्लायडिंग खिडक्या लावल्या, पावसाळाभर कौतुक झालं. एप्रिलमध्ये बायकोने शांतपणे विचारलं, "आता कूलर कुठे लावायचा?" अर्धीच खिडकी उघडते आणि त्या अर्ध्यात कूलरचं तोंड बसत नाही. शेवटी पुठ्ठा आणि गोणपाट लावून दोन उन्हाळे काढले. तीस वर्षं लोकांची घरं बांधणाऱ्याच्या घरात पुठ्ठा! मापं घेणाऱ्या माणसाने एकदाही विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

तेव्हा कूलरच्या दोन खिडक्या फॅब्रिकेटरकडून ॲल्युमिनियमच्याच करून घ्या. कूलरच्या तोंडाचं माप आधी द्या. खालच्या भागात तेवढा कप्पा सोडायचा, उन्हाळ्यात तिथे कूलर, बाकीचे महिने काढता-घालता येणारी पत्र्याची किंवा काचेची झडप. वरचा भाग बाहेर उघडणारा. कूलरचं स्टँड खिडकीच्या चौकटीला टेकू देऊ नका, चार बोटं मोकळी ठेवा.

पश्चिमेची भट्टी हा या पत्रातला सगळ्यात महाग गैरसमज. "डबल काच लावा, खोली थंड राहील" असं तुम्हाला सांगितलंय. दोन काचांमधली हवा बाहेरची गरम हवा आत यायला अडवते, रस्त्याचा आवाज अडवते, एसीची खोली असेल तर तिचा उपयोग आहे. पण ऊन हवेतून नाही, काचेतून सरळ येतं. साध्या एका काचेतून उन्हाची साधारण ८० टक्के उष्णता आत येते, साध्या दोन काचांतून ७० टक्क्यांच्या आसपास. त्या दहा टक्क्यांसाठी फुटामागे २५० रुपये? शिवाय तुमच्याकडे कूलर आहे. कूलरची हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर खोलीत दमट होतं, अंगाला चिकचिक होते. उघड्या खिडकीला एक काच काय आणि दोन काय!

छज्जा आहे की, असं मिस्टर म्हणतील. वर्गात घालाल असं उदाहरण देतो. अमळनेर २१ अंश अक्षांशावर आहे, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात मध्यान्हीला सूर्य थेट डोक्यावर येतो आणि तेव्हा छज्जा झकास काम करतो. पण त्याच दिवशी संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून साधारण २७ अंशांवर, जवळजवळ खिडकीसमोर असतो. तुमचा छज्जा दीड फुटाचा. १८ इंच गुणिले टॅन २७, म्हणजे खिडकीवर सावली पडते नऊ-सव्वानऊ इंच. चार फुटी खिडकीची बाकीची काच उन्हात. पश्चिमेला छज्जा कितीही चांगला असला तरी हरतो.

ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं. आत लावलेला पडदा ऊन थांबवतो खरा, पण तापून ती उष्णता खोलीतच सोडतो. छज्ज्याच्या टोकाला हुक ठोकून चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा सोडा, दुपारी दोनला खाली, सूर्य गेला की वर. चिक मिळाला नाही तर शेडनेट. रोपवाटिकेवर असते तीच हिरवी जाळी, शेतीसाहित्याच्या दुकानात मीटरवर मिळते. पाइपाच्या चौकटीवर ताणून बसवली की वाऱ्याला फडफडत नाही. दिसायला सुंदर नाही, पण खोलीतला फरक पहिल्याच संध्याकाळी कळतो. कायमचं हवं असेल तर खालून मधुमालती चढवा. पश्चिमेला कडुनिंब लावायचा विचार असेल तर घरापासून बराच लांब. मोठं झाड काळ्या मातीतलं पाणी ओढून घेतं आणि मग मागच्या खोलीचीच कथा पुढे सुरू होते. खिडक्या रात्री दहानंतर सताड उघडा, सकाळी ऊन चढायच्या आत लावून घ्या. ज्यांनी धाब्याची, मातीच्या सपाट छताची घरं बघितलीत त्यांना हे सांगायला नको.

पश्चिमेच्या त्या दोन खिडक्यांना बाहेर चिक असणार, म्हणून बाहेर उघडणारी झडप चिकाला अडेल. इथे स्लायडिंग चालेल, आणि इथेच यूपीव्हीसी घ्या. हा प्रकार आपल्या भागाला नवा नाही, शेतातल्या पीव्हीसी पाइपाचाच भाऊ. बांधावर दोन उन्हाळे पडलेला स्वस्त पाइप कसा फिका पडतो आणि पाय पडला की तडकतो, ते कुणाही केळीवाल्याला विचारा. खिडकीच्या चांगल्या पट्टीत उन्हासाठी टायटॅनियम डायऑक्साइड घातलेलं असतं, हलक्या मालात त्यातच काटकसर होते. पांढरी घ्या. लाकडी रंगाची, तपकिरी पट्टी पश्चिमेच्या उन्हात फार तापते. पट्टीच्या आत जस्त चढवलेल्या लोखंडाची नळी असायला हवी. विक्रेता "आहे" म्हणणारच, तुम्ही फ्रीजवरचं लोहचुंबक खिशात घेऊन जा आणि नमुन्याला लावून बघा. खिडकी आली की तिलाही लावून बघा, नमुन्यात असतं आणि मालात नसतं असंही होतं. ॲल्युमिनियम तापतं म्हणून वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. धातू उष्णता वाहतो हे खरं, पण खिडकीत चौकट थोडी आणि काच जास्त. सावलीतल्या खिडकीला चांगल्या पावडर कोटिंगचं ॲल्युमिनियम काहीच वाईट नाही, आणि कूलरच्या वजना-धक्क्याला ते बरंच.

आता तुमचं गणित. खिडकी चार बाय चार धरली तर अकरा खिडक्या १७६ फूट, ७८० ने १,३७,२८० रुपये. मी म्हणतो त्यात यूपीव्हीसी ३२ फूट, म्हणजे २४,९६० आणि ॲल्युमिनियम ३२ फूट, १४,४०० रुपये. बेरीज ३९,३६०. तोडफोड, प्लास्टर आणि चिक धरूनही तुम्ही निम्म्याच्या खूप आत आहात. दिवाळीची सूट याच्या जवळपासही येत नाही.

माप कसं धरतात ते लिहून घ्या. तुमच्या खिडक्या मला ३ फूट १० इंचाच्या वाटतात. खरं क्षेत्रफळ १४.६९ फूट, पण बिलात चार बाय चार धरून १६ लावतात. यूपीव्हीसीच्या एका खिडकीमागे हजार रुपये नुसत्या राउंडिंगचे. भावात जीएसटी, जुनी खिडकी काढणं, मच्छरजाळी, सिलिकॉन आणि वाहतूक धरलीय का, हेही कोटेशनवर लिहून मागा.

आणि माप जुन्या खिडकीवरून घेऊ देऊ नका. लोखंडी चौकटीचे पाय भिंतीत गाडलेले असतात, त्या ग्राइंडरने मधून कापून काढाव्या लागतात आणि सोबत दोन-तीन इंच प्लास्टर येतंच. आधी काढा, कडा प्लास्टर करा, खालच्या कठड्याला बाहेर उतार द्या, बाहेर आलेल्या दगडी पट्टीच्या खालच्या अंगाला एक खाच मारा म्हणजे पाणी भिंतीवर ओघळणार नाही. हे सगळं वाळलं की मग माप. मधले काही दिवस भोकाला ताडपत्री. गैरसोय आहे, पण या टप्प्यात घाई केलेल्या खिडक्यांना पुढे सिलिकॉनचे जाड थापे मारलेले मी खूप बघितलेत.

बसवताना चौकट आणि भिंतीत चारही बाजूंनी ५ मिलिमीटरच्या आसपास फट हवी. यूपीव्हीसी उन्हाने बरंच वाढतं. चार फुटी पट्टी जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत जवळपास ४ मिलिमीटर लांबते, ॲल्युमिनियम साधारण सव्वा. घट्ट ठोकून बसवलेली खिडकी उन्हाळ्यात वाकते आणि सरकत नाही. बसवणारा पोऱ्या म्हणेल, "ताई, एकदम फिट्ट बसली बघा", तर ते कौतुक समजू नका. ओळंबा आणि लेव्हल तुमच्यासमोर लावायला सांगा. स्क्रू कोपऱ्यापासून सहा इंचांवर आणि पुढे दोन फुटांच्या आत. फटीत फोम, बाहेरून न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सिमेंटला नीट धरत नाही आणि धातूला खातं. धुळीवर आणि ओल्यावर कुठलंच धरत नाही, म्हणून आधी ब्रश मारून पुसून घ्यायला लावा. पट्टीवरचा संरक्षक प्लास्टिकचा कागद त्याच आठवड्यात काढा. नवी दिसते म्हणून लोक ठेवतात आणि एका उन्हाळ्यानंतर तो नखाने ओरबाडावा लागतो.

काच ५ मिलिमीटरची पुरे. वर मुलं खेळत असतील आणि काच गुडघ्याच्या उंचीपर्यंत येत असेल तर टफन, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली काच घ्या, ती फुटली तर बोथट तुकडे होतात. फक्त ती भट्टीतून आल्यावर कापता येत नाही, माप चुकलं की काच वाया. ग्रिलपैकी निदान एक, शक्यतो रस्त्याच्या बाजूचं, आतून कुलपाने उघडणारं करा आणि किल्ली तिथेच खिळ्याला टांगा. सगळ्या खिडक्यांना पक्के गज आणि जिन्यात आग, हा विचार करायला कुणाला आवडत नाही.

देखभालीचं फार काही नाही. स्लायडिंगच्या खालच्या ट्रॅकमध्ये बाहेरच्या अंगाला पाणी जायला छोटी छिद्रं असतात. आपल्याकडे ती धुळीने बुजतात, कापसाच्या हंगामात तर ब्रशच्या पट्टीत तंतूंची वात तयार होते. जुन्या टूथब्रशने महिन्यातून एकदा, आणि पावसाळ्याआधी तांब्याभर पाणी ओतून बाहेर जातं का बघा. चाकांना खोबरेल किंवा गोडेतेल घालू नका, धूळ चिकटून लापशी होते, सिलिकॉन स्प्रे मारा. पुसायला साबणाचं पाणी, थिनर किंवा ॲसिड नको. बिजागऱ्यांना वर्षातून एकदा मशीन ऑइलचा थेंब. खालच्या सागवानी खिडक्यांच्या खालच्या कडेला दर वर्षी स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. आत घुसला, पोकळ वाजला तर उधई (वाळवी) किंवा कूज, तेवढाच तुकडा बदलता येतो.

दिवाळीची घाई सोडा. पावसाने फुगलेलं लाकूड, ओल्या भिंती आणि सणाच्या गर्दीत गुंतलेले मिस्तरी, तिन्ही एकत्र येतात. आत्ता भाद्रपदात पुढच्या दाराचा रंग खरवडा आणि न्हाणीचा पाइप वळवा. दिवाळी झाली की लोखंडी खिडक्या काढून प्लास्टर, थंडीत ते पाणी मारून नीट मुरवता येतं, मेमध्ये मारलेलं पाणी तासाभरात उडून जातं. पौष-माघात नव्या खिडक्या बसतील, होळीपर्यंत दाराला तेल होईल. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला माहेरवाशिणी येतील तेव्हा चिक लागलेला असू द्या.

उरलं मागचं दार. आजच फुल्या मारा, तारीख घाला. वैशाखात ते अडकायला लागेल त्या दिवशी भेगेचं अंतर आणि दोन्ही कर्ण पुन्हा मोजून मला कळवा, त्याचं तेव्हा ठरवू.